मेजर डनमोय यांचे अखेरचे प्रकरण

अब्बासिया, कुवेत
७ मार्च २०२५

विजया हरिश्चंद्र खांबेटे,

तुझ्या नावाआधी ‘कै.’ लिहिण्याचा रिवाज मला ठाऊक आहे. तो या पत्रापुरता बाजूला ठेवतो. आशीर्वाद द्यावेत की नमस्कार, हेही ठरत नाही; तेव्हा नमस्कार.

माझ्या इकाम्याची, म्हणजे इथल्या निवासी परवान्याची, मुदत महिनाअखेर संपते. हॉस्पिटलातील यंत्रे दुरुस्त करणारा इंजिनियर निवृत्त झाला की देशाला त्याचे काम उरत नाही. त्याबद्दल तक्रार नाही. पुण्यातील जागा तयार आहे, सामानही निम्मे गेले. काळजी आहे ती तुझ्या मेजरची.

शाळेत इतिहास शिकवून उरलेला सारा वेळ तू या रॉडरिक डनमोय यांच्या चरित्राला दिलास. आयर्लंडमधील लॉर्डांचे धाकटे चिरंजीव. थोरल्याला जहागीर मिळाली, धाकट्याच्या वाट्याला पलटण आली. ते मराठा पलटणीत मराठी शिकले, मेसोपोटेमियाच्या मोहिमेत डावा पाय गमावून बसले आणि पुढे कुवेतच्या ब्रिटिश कचेरीत आले. ते इकडे असतानाच तिकडे आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यात गावकऱ्यांनी त्यांची हवेली जाळली. तरी म्हातारपणी ते तिथेच परतले आणि फाटकाजवळच्या दोन खोल्यांत राहिले. इंग्रजांना ते आयरिश वाटत, आयरिशांना इंग्रज. तू म्हणायचीस की हा मनुष्य आपल्या नेहाच्या गोतातला; तीही इथे इंडियन आणि पुण्यात कुवेतची.

आणि मग त्यांच्या गावच्या पुस्तिकेतील ते वाक्य तुला सापडले. मेजर संध्याकाळी गावातल्या मुलांना अंगणात एका पायावर ठेवीत. ते वाचून तू लेखणी खाली ठेवलीस. घर जाळणाऱ्यांच्या मुलांवर या माणसाने आपल्या पायाचा सूड घेतला असेल, तर ते लपवणार नाही आणि लिहवणारही नाही, असे म्हणालीस. त्यानंतर तुझे आजारपणच आले.

प्रकाशक योगिनीबाई महिनाअखेरपर्यंत थांबतील. अपुरे पुस्तक छापणार नाहीत. नेहा गॉलवेला फिजिओथेरपिस्ट आहे, मेजरचे गाव तेथून जवळ. तिला जाऊन येण्यास लिहिले आहे. जे निघेल ते लिहावे लागेल, याची मात्र धास्ती वाटते.

लोभ होता तसाच असू द्यावा.

तुझा,
हरिश्चंद्र

*

गॉलवे
१६ मार्च २०२५

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

व्हॉट्सॲपवर जेवलात का विचारलं तर तुमचा नुसता अंगठा येतो आणि पत्र मात्र तीन पानी! म्हणून मीही पत्रच लिहितेय. फोटो काढून पाठवते, टपालाच्या आधी तुम्हीच पुण्याला पोहोचाल. शुद्धलेखन तपासून परत पाठवू नका.

रविवारी गावात गेले. हवेलीच्या चार भिंती उरल्यात आणि आत गाई चरतात. चर्चमधल्या बाईंनी मला नव्वदी ओलांडलेल्या एका आजींकडे नेलं. आजींनी आधी मी कुठली ते विचारलं. मी पुण्याची म्हणू की कुवेतची, या नेहमीच्या घोळात पडले आणि कुवेत म्हणाले. तर त्या खूश होऊन म्हणाल्या, म्हणजे तू आमच्या मेजरच्या गावची! बाबा, ‘आमच्या’ म्हणाल्या.

मग मी भीतभीत ते एका पायाचं विचारलं. आजी काठी घेऊन बाहेर आल्या आणि खडीवर मोठा चौकोन काढला. सगळी मुलं आत. एक जण एका पायावर उड्या मारत बाकीच्यांना पकडणार. दुसरा पाय टेकला की बाद, रेघेबाहेर गेलं की बाद.

मी तिथेच हसत सुटले. बाबा, लंगडी! पलटणीतल्या जवानांकडून शिकलेली असणार. मेजरवर राज्य आलं की ते कुबडी भिंतीला लावून येत आणि आजी सांगतात की त्यांच्या तावडीतून कुणी सुटत नसे. आजींचे वडील हवेली जाळणाऱ्यांतले. आधी ते भिंतीबाहेर हाताची घडी घालून उभे राहायचे. पुढे तेच किती गडी बाद झाले ते ओरडून सांगायला लागले.

आईला हे कसं सुचलं नाही, याचा परतताना विचार केला. तिने शाळेत एका पायावर उभं केलेली मुलं पाहिली होती. मला कुणी तसं कधी उभं केलं नाही. मला एका पायावर म्हणजे कुवेतच्या मराठी मंडळाच्या क्रीडादिनी लंगडीला शिट्टी वाजवणारी आईच आठवते.

प्रकरण तुम्हीच लिहा. मी लिहिलं तर योगिनीबाई रडतील.

लोभ आहे तो वाढवा आणि वेळेवर जेवा.

तुमची,
नेहा

*

अब्बासिया, कुवेत
२३ मार्च २०२५

चि. नेहास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पुन्हा पुन्हा वाचले. शुद्धलेखन तपासलेले नाही.

प्रकरणाचा पहिला मसुदा शेजारच्या तबस्सुमबाईंना वाचून दाखवला, कारण तुझी आई प्रत्येक पान प्रथम त्यांनाच ऐकवीत असे. ऐकून त्या म्हणाल्या की भावजी, हा तर मशीनचा सर्व्हिस रिपोर्ट झाला; वहिनींनी तुम्हाला पानासकट बाहेर काढलं असतं. तुम्ही लंगडी कधी खेळलात का, असेही त्यांनी विचारले. आमच्या शाळेत तो मुलींचा खेळ मानीत, असे मी सांगितले. त्यावर त्यांनी आपल्या मुलीला, असमाला, आणि तिच्या मैत्रिणींना बोलावले, रिकाम्या हॉलमध्ये खडूने चौकोन आखला आणि राज्य माझ्यावर दिले. तुमच्यासारख्या ताठ माणसाला हे जमायला हवं, कुठं वाकायचं नाही, अशी वर मल्लिनाथी.

लगेच बाद झालो. परंतु त्या थोडक्या उड्यांत एक गोष्ट उमगली. राज्य असलेल्या माणसाला पडण्याची शरम वाटत नाही, कारण आता कोण हाती लागते याखेरीज त्याला काहीही दिसत नाही. हसताना मला धाप लागली. या घरात मी पुन्हा हसेन असे वाटले नव्हते. नंतर मसुदा फाडला आणि नव्याने लिहिला.

मेजरच्या गावच्या त्या आजींना माझा नमस्कार कळव. आईच्या पुस्तकाची एक प्रत त्यांना द्यायची आहे. वाचता आले नाही तरी.

प्रकृतीस जपावे.

तुझे,
बाबा

*

अब्बासिया, कुवेत
३० मार्च २०२५

विजया,

योगिनीबाईंनी प्रकरण स्वीकारले. त्यांची एकच हरकत होती. चरित्राच्या अखेरीस मृत्यूची नोंद असावी, असा त्यांचा आग्रह. तो मी नम्रपणे नाकारला. जन्म-मृत्यूची साले परिशिष्टात आहेत, तेवढी पुरेत. प्रकरणात मेजर अंगणात आहेत, राज्य त्यांच्यावर आहे आणि भिंतीजवळ त्यांचे घर जाळणारा माणूस त्यांच्यासाठी ओरडतो आहे. तिथेच मी थांबलो. तुला हे पटले असते, असे मानण्याची मुभा मी घेतली आहे.

पुस्तक तुझ्याच नावाने निघेल. अखेरच्या प्रकरणाखाली नेहाचे आणि माझे नाव लहान टाइपात. छपाई सुरू होताच नेहा पुण्याला येते म्हणते. तिच्याच हातून पहिली प्रत उघडायची, असे ठरले आहे.

आणखी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. ते पुण्याहून लिहीन.

तुझा,
हरिश्चंद्र

ता. क. सकाळी तबस्सुमबाईंचा निरोप घेतला. दाराला कुलूप लावून दोन्ही किल्ल्या इमारतीचे हारिस, म्हणजे रखवालदार, अशरफ यांच्याकडे परत केल्या.