सुन्या, देव अजून शेडमध्येच बसलेत

सुन्या, लेका,

आज तुझ्या आण्णांनी संबळ कमरेला बांधला आणि काठी उचललीच नाही. तुझ्या बापाला असं कधी पाहिलं नव्हतं रे! घरी आलो तर जेवणही गेलं नाही, म्हणून तुलाच लिहायला बसलोय.

आपल्या बँडचा पहिला अल्बम अडकलाय. तुझ्यामुळे! शेवटच्या गाण्यात गोंधळ घालायचा हट्ट कुणाचा होता? मी म्हणालो होतो, हेवी मेटल गाण्यात संबळ कुठे घुसवतोस, लोक हसतील. तुम्ही पिढीजात गोंधळी, तू कसला ऐकतोस! "तुझ्या गिटारपेक्षा आमचा संबळ लय कडक वाजतो. लावतो का पैज?" आणि खरंच, तू वाजवायला लागलास तसा विक्या ड्रम्स सोडून बघतच बसला. आमच्या झेंडूच्या शेडचे पत्रे हादरत होते. आई ओरडत आली होती, "अरे, फुलं गळतील ना!"

मग रेकॉर्डिंगचं मशीन भाड्याने शेडमध्येच आणलं. त्या दिवशी काय आवाज लागला होता तुझा! वणीच्या आईला, तुळजापूरच्या भवानीला, जेजुरीच्या खंडेरायाला, एकेकाला नाव घेऊन बोलावलंस, गोंधळाला या म्हणून. शेवटची आरती तेवढी राहिली. "उद्या घेऊ, घसा बसलाय," म्हणालास आणि गाडीला किक मारलीस. पेठ रोडला ट्रकने उडवलं तुला. हेल्मेट घाल म्हणून किती डोकं खाल्लं होतं तुझं!

विक्या म्हणतो, शेवटी आवाज हळूहळू कमी करू आणि कॅसेट काढू, सुन्याचं नाव होईल. त्याचंही चुकत नाही. पण आण्णा भडकले. "देवाला बोलावलं ना त्यानं? मंग आरती करून वाटेला लावून द्यायला नको? अर्धा गोंधळ लोकांच्या घरात धाडू नका. मी येतो, मी पुरा करतो."

म्हणून आज शेडमध्ये आले. दिवटी पेटवली. मी मशीन लावलं. तू देवांना बोलावत होतास आणि आण्णा मान डोलावत होते, एका जागी तर हसलेसुद्धा. तुझं संपलं, मी खूण केली. आण्णा नुसते मशीनकडे बघत राहिले.

मी पुन्हा लावायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला. "आरती झाली की देव उठून जातात," म्हणाले. "मंग हा पण जाईल ना रे."

मी मशीन बंद केलं. विक्या बाहेर क्रेटवर बसून रडला. मला तर रडूही येईना, तुझा रागच आला. एवढ्या सगळ्यांना बोलावून स्वतः कुठे गेलास रे?

कॅसेट कधी निघेल, माहीत नाही. निघेल की नाही, तेही माहीत नाही. पण शब्द देतो, तुझा आवाज मध्येच विरू देणार नाही आणि आण्णांच्या मागेही लागणार नाही. त्यांची काठी उठेपर्यंत रोज संध्याकाळी शेडमध्ये दिवा लावीन. तू बोलावलेले पाहुणे आहेत ते, त्यांना अंधारात कसं बसवू?

तुझाच,
मंग्या