येडशीच्या फलाटावरची सही

आबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. आज येडशीच्या फलाटावर उभी होते आणि एकदम आमच्या बँकेची ती धांदल आठवली. खरं सांगते, अंगात पुन्हा तोच उत्साह भरला.

दुष्काळात खडी फोडून हात सोललेल्या पोरांना अरबांच्या देशात काम मिळतंय, तेलाच्या पैशावर तिथं शहरंच्या शहरं उभी राहतायत, ही बातमी आली आणि आमची सहकारी बँक नुसती उधळली. एजंटाचं पत्र दाखवा, कर्ज घ्या! चेअरमन तर टेबल-खुर्ची घेऊन थेट फलाटावरच यायचे. हलगी वाजतेय, पेढे वाटतायत, आया एकीकडे रडतायत, एकीकडे हसतायत. निरोपाला आलेल्यांत जो पगारदार दिसेल त्याच्या हाती पेन द्यायचं आणि त्याला जामीन करून टाकायचं. हार घालायला आलेला माणूस अशा घडीला नाही कसा म्हणणार? मी नवी कारकून, आपल्या समाजातली बँकेत बसलेली पहिली मुलगी. माझे पाय जमिनीवर नव्हतेच.

नाही म्हणालात ते फक्त तुम्ही. एका पोराला दुसरा जामीन मिळेना, म्हणून मी सकाळीच तुम्हाला गळ घातली होती. तुम्ही मास्तर, तुमचा पगार पक्का. तुम्ही म्हणालात, "तोंडवळख न्हाय, त्याला जामीन कसा ऱ्हाऊ?" दुपारी गाडीनं शिट्टी दिली, पोरगं रडकुंडीला आलं, आणि मी तुमची सही ठोकून दिली. गाडी हलली तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या मीच वाजवल्या.

मग एजंट पळाला, निम्मी पोरं मुंबईहूनच परत आली आणि बँक बुडाली. सरकारी अधिकारी एकेका जामीनदाराला बोलवू लागला. कागद पुढं करायला मीच उभी. तुम्ही कागद डोळ्यांजवळ नेला, एकदा माझ्याकडं पाहिलंत.

"माझीच हाय की सही. गडबडीत केली, जरा वाकडी झाली."

पुढं कित्येक वर्षं तुमचा पगार कापला गेला. आपण त्यावर कधी बोललो नाही. त्या दिवशी मला आधी हायसं वाटलं, आबा. लाज फार नंतर वाटली.

आई अजून तुमच्या फोटोशी भांडते. "कुणाच्या कोण पोरापायी संसार टांगला यांनी," म्हणते. मी दर वेळी मान डोलावते. हे पत्र आता फाडते, तिच्या हाती लागायला नको.