डावा कान

फिलाडेल्फिया, नोव्हेंबर १९४३

लाडक्या आई,

मी धडधाकट आहे. दिवसभर जहाजांच्या कारखान्यात राबतो, संध्याकाळी फुटबॉलचा सराव. बाबांचा खोकला कसा आहे? धाकट्या बोलेकचं आघाडीवरून पत्र आलं का?

रविवारच्या सामन्यात पंचाची शिट्टी डावीकडून वाजली, मला ऐकूच आली नाही. खेळ थांबला होता, तरी समोरच्या संघाच्या गड्याला मी धडक देऊन आडवा केला. एक बाई ओरडली, "एवढी रग आहे तर लढायला जा की! माझा पोरगा गेलाय!"

तू म्हणतेस, माझ्या या बहिऱ्या कानानं एक मुलगा तरी मागे ठेवला. सोमवारी सैन्याचे डॉक्टर पुन्हा तपासणार आहेत. कानाच्या चाचणीत ते एक शब्द कुजबुजतात, आपण तोच परत सांगायचा.

आई, मैदानातल्या गोंगाटात कप्तानाचे ओठ वाचूनच मी तीन वर्षं पगारी खेळाडू म्हणून टिकलो. डॉक्टरांचेही वाचीन.

रागावू नकोस.

तुझा झिगी