एकवीस दिवस

१२ फेब्रुवारी, मंगळवार
दुपार

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. तुम्हा दोघांची खुशाली रोज देवाजवळ मागते.

चार वर्षांनी तुला पत्र लिहिते आहे, तेव्हा अक्षर गिचमीड आलं तर सांभाळून घे. कागद जुन्या दिनदर्शिकेचा आहे. मागची बाजू कोरी असताना नवा कागद घ्यायला माझा हात धजत नाही, तुला ठाऊकच आहे. तुझे बाबा समोर कुणाचं तरी घड्याळ उघडून बसलेत. दुकान बंद केलं तरी लोक घरी आणून देतात. "पत्र लिहितेस की पोथी?" असं दोनदा विचारून झालं. दादाची बदली झाली. वहिनीने गच्चीत टोमॅटो लावलेत, पण आपल्यापेक्षा गोगलगाईच जास्त खातात. तुझी खोली आहे तशी आहे. नकाशे काढायचं तुझं तिरकं टेबल खिडकीशीच आहे. त्यावर मी काही ठेवत नाही. ठेवलं तरी घसरतं.

जावईबापूंचा फोन आला होता. त्यांच्यावर रागावू नकोस. एकोणीस तारखेला तुझं ऑपरेशन आहे म्हणाले. गर्भाशयाच्या आतलं अस्तर बाहेर पोटात रुजलंय, अंडाशयाला आणि आतड्याला चिकटलंय, ते काढायचंय. रोगाचं नाव मी लिहून घेतलं, एंडोमेट्रिओसिस. तीनदा म्हणायला लावलं त्यांना. मग विचारलं, "फार दुखतं का हो तिला?"

ते म्हणाले, "आई, तुम्हाला माहीत नाही?"

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून चौकातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. आता त्यांनी दवाखाना बंद केलाय, थकल्यात, पण जीभ तशीच आहे. मी कागदावरचं नाव दाखवलं. त्यांनी मान हलवली, जणू वाटच पाहत होत्या.

"मॅट्रिक झालात ना? मग समजेल. दर महिन्याला हे अस्तर सुटतं. बहुतेक जणींत त्यातलं थोडं उलट्या वाटेने, नळ्यांतून, पोटात उतरतं. तुमच्याही उतरलं असेल, माझ्याही."

"अगंबाई!"

"घाबरू नका, त्यात काही नाही. पेशी आपली जागा सोडून भलतीकडे गेली की तिने आपणहून मरायचं असतं. शरीराचा तो नियमच आहे. मग पहारेकरी पेशी येतात आणि तो केर खाऊन टाकतात. तुमच्या मुलीच्या पोटात त्या पेशी मरतच नाहीत."

"आणि पहारेकरी? ते काय झोपा काढतात?"

"येतात की. गर्दी करतात. पण ज्यांनी मारायचं, ते ढिले पडतात. ज्यांनी खायचं, ते खात नाहीत, उलट त्या भलतीकडे गेलेल्या पेशींकडे नव्या रक्तवाहिन्या आणि नसा वाढायला मदत करतात. म्हणून सूज. म्हणून दुखणं."

"म्हणजे चोराला ताट वाढून देतात."

त्या हसल्या. "तसंच समजा. पण आधी पेशी हट्टी होतात की आधी पहारा ढिला पडतो, ते अजून कुणाला नीट कळलेलं नाही. ऑपरेशनने आराम पडेल, पण पुन्हा उगवणारच नाही अशी हमी कुणी देणार नाही."

ठकू, मी आयुष्यभर देवापाशी सगळ्यांसाठी दीर्घायुष्य मागितलं. आपल्या आत काहीतरी बारीकसं रोज वेळेवर मरतं म्हणून आपण जगतो, हे मला या वयात कळलं. घरी येऊन देवासमोर बसले, तर काय मागावं तेच समजेना.

निघताना दारात मी विचारलं, "हे माझ्यामुळे झालं का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "रोग तुमच्यामुळे झाला नाही. कुणाच्या वागण्याने, कुणाच्या पापाने होत नाही तो." मग चष्मा काढला. "पण अकरा वर्षांपूर्वी मी एक चिठ्ठी दिली होती. तिचं काय केलंत?"

हरवली, असं मी सांगितलं. त्यांनी चष्मा परत चढवला.

हरवली नव्हती. तू सतराची होतीस. दोन दिवस उलट्या करून पांढरीफटक पडली होतीस, म्हणून तुला नेलं होतं. तू बाहेर बाकावर पोट धरून बसलीस आणि आत त्यांनी मोठ्या इस्पितळाच्या नावाने चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. मी रस्त्यात तुला सांगितलं, टॉनिक दिलंय. घरी आल्यावर चिठ्ठी देवाच्या आसनाखाली ठेवली. अवघड कागद मी तिथेच ठेवते, दादाचा प्रवेशाचा अर्जही ठेवला होता. एकवीस दिवस एकवेळ जेवून पाठ करायचा, मग ठरवायचं, असा माझा नेम.

आणि त्या एकवीस दिवसांत तू बरी झालीस. सायकल काढलीस, मैत्रिणींना घेऊन गच्चीत गोंधळ घातलास. मी देवाचे पाय धरले. म्हटलं, ऐकलंस रे बाबा.

चहाच्या चमच्याचाही हिशेब ठेवणारी बाई मी, पण मला एवढं मोजता आलं नाही, की तुला दर महिन्याला मधले तितके दिवस बरंच वाटायचं. पंचविसाव्या दिवशी तू पुन्हा न्हाणीघराच्या फरशीवर वेटोळं करून पडलीस.

इथवर लिहिलं ते खरं आहे, पण सगळं नाही. मघापासून तीनदा पाणी पिऊन आले. तुझे बाबा म्हणाले, "बस आता, उद्या लिही." पण उद्या माझा धीर होणार नाही.

पंचविसाव्या दिवशी माझी चूक मला कळली होती. चिठ्ठी काढून मी हातात घेतलीही होती. त्यात दुर्बिणीतून पोट तपासा असं होतं. माझ्या मनात आलं, लग्नाच्या आधी पोरीच्या पोटाला भोक पाडलं तर लोक विचारतील, काय निघालं होतं? कोण करून घेईल हिला? चिठ्ठी परत होती तिथे सरकवली. तेव्हा नेमही नव्हता आणि पाठही नव्हता. नाव देवाचं पुढे केलं, भीती माझी होती. लग्न ठरवताना जावईबापूंच्या घरीही मी अवाक्षर काढलं नाही.

म्हणून चार वर्षांपूर्वी, इथल्या तुझ्या शेवटच्या दिवशी तू स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून विचारलंस ना, "आई, मी नाटक करते असं वाटतं ना तुला?" तेव्हा मी दूध ढवळत राहिले. सगळ्याच बायकांचं दुखतं, मूल झालं की थांबेल, असं म्हटलं. तू पिशवी उचललीस. आईचा आपल्यावर विश्वास नाही असं समजून तू गेलीस. तसं असतं तर बरं झालं असतं गं. चिठ्ठीत डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ लिहिलं होतं, ही मुलगी नाटक करत नाही. माझ्याजवळ ते लेखी होतं.

चिठ्ठी सोबत पाठवते आहे. काल पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे जाऊन खरं सांगून आले. त्या रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. म्हणाल्या, ऑपरेशन करणाऱ्यांना दाखवा, दुखणं किती जुनं ते त्यांना कळायला हवं. पाकिटात घालताना हात थांबला होता. ती माझ्याजवळ होती तोवर तुझ्या लेखी मी नुसती अडाणी आई होते. असो. तुला ती उपयोगी पडणार आहे.

अजून महिन्यातून एकदा मी रबरी पिशवीत गरम पाणी भरते. भरून झाल्यावर आठवतं. मग तशीच घेऊन तुझ्या पलंगावर बसते, निवेपर्यंत. तुझ्या केसांना तेव्हा घामाचा वास यायचा, तो मला हवासा वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

माफ कर असं लिहीत नाही. ते मागण्याआधी तुझं ऑपरेशन नीट होऊ दे. एकोणीसला पहाटेच्या गाडीने मी येते आहे. वर येणार नाही. खाली, चौकशीच्या खिडकीसमोर लोक बसतात तिथे बसेन. तू शुद्धीवर आलीस एवढं जावईबापूंनी येऊन सांगितलं तरी पुरे. बोलावलंस तर लिफ्टची वाट पाहणार नाही, जिन्यानेच येईन. नाही बोलावलंस तरी मला चालेल, असं मात्र खोटं लिहवत नाही. पण संध्याकाळपर्यंत मी उठणार नाही.

खाली बसलेली,
तुझी आई