पुलावरचा पाठमोरा

४ फेब्रुवारी
नवं काम आलं. नवं कसलं – चाळीस वर्षांपूर्वी आपल्याकडेच शूट झालेला परभाषेतला युद्धपट, त्याला आता आपल्या भाषेत बोलतं करायचं. संवाद मी लिहायचे. नायक गोरापान, चिखलात लोळला तरी भांग मोडत नाही. सावळे चेहरे एक तर शत्रूकडे, नाहीतर आपल्याकडचे असून पहिल्या वीस मिनिटांत गार. अख्ख्या पलटणीत बाई एकच, तीही नायकाच्या खिशातल्या फोटोत!

आणि पुलावरून नदीत पडून मरणारा तो बिननावाचा सैनिक – आमचे बाबा!

५ फेब्रुवारी
बाबांना सांगितलं. झालं! जेवताना पुलाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. हा माणूस सिनेमात एकोणतीस वेळा मेला, पण पडद्यावर एक शब्द बोलायला मिळाला नाही. म्हणाले, तोंड उघडायला सांगायचे ते फक्त किंचाळायला. हसत म्हणाले, पण मला लागलं ते.

मधेच बल्ब गेला. नेहमीप्रमाणे आईच स्टुलावर चढली. बाबांना स्टुलावरसुद्धा गरगरतं.

७ फेब्रुवारी
सुचलं! डबिंगमध्ये सगळी मारामारी ओठांशी. ओठ दिसले की शब्द बसवता बसवता जीव जातो. पण पाठमोरा माणूस? त्याच्या तोंडी काहीही घाला, कोण विचारतंय! आणि पुलावरचा सैनिक तर अख्ख्या प्रसंगात पाठमोरा. लिहून टाकलं – "तुम्ही व्हा पुढे. पुलाचं मी बघून घेईन."

स्टुडिओच्या मालकांना पत्ता लागू दिलेला नाही. मूळ सिनेमात हा गडी चकार शब्द काढत नाही, हे कळलं तर कापतील.

१० फेब्रुवारी
मालक जेवायला गेले तेवढ्यात बाबांना स्टुडिओत घुसवलं. रेकॉर्डिस्ट आपलाच माणूस. सात टेक झाले. बाबा घामाघूम. घरी येईपर्यंत गप्प होते – आनंदाने असेल.

११ फेब्रुवारी
छे! आनंद कसला!

घरी लॅपटॉपवर दोघांना तो प्रसंग दाखवला. आई भाजी निवडत होती. सैनिक वाक्य बोलला, पडला, आणि आईला हसू आवरेना. "आता तरी सांगा हो तिला!"

बाबा चष्माच पुसत बसले. मग आईनेच सांगितलं. ती तेव्हा त्या शूटिंगवर गणवेश शिवायची. बाबा पुलाच्या कठड्यावर चढले, खाली पाहिलं आणि पाय लटपटायला लागले. हातचं काम जाणार! म्हणून हिने त्यांचा गणवेश चढवला, वेणी हेल्मेटमध्ये कोंबली आणि दिली उडी ठोकून. एकदा नाही, दोनदा – पहिल्यांदा कॅमेरा अडकला म्हणे.

आणि मी शाळेपासून बाबांच्या उडीची फुशारकी मारत आले! रागावू की हसू, कळेना. दोन्ही केलं.

१२ फेब्रुवारी
सकाळी चहाच्या वेळी बाबा आपणहून म्हणाले, माझं वाक्य पुसून टाक.

१३ फेब्रुवारी
आईला स्टुडिओत नेलं, बाबाही आले. तेच वाक्य, एका टेकमध्ये ओके! तेवढ्यात मालक दारात. "ह्या पलटणीत बाई कुठून आली?"

मी काही थाप मारणार, तोच कोपऱ्यातल्या खुर्चीतून बाबा म्हणाले, "पहिल्यापासून होती."