तांबूची शीव

८ नोव्हेंबर १९५३, रविवार. कामरगाव.

काल दुपारच्या मोटारीने येथे आलो. टपाल कचेरीतली ही बदली मी मागून घेतली, ते बरे केले असे वाटते. घर मनासारखे मिळाले. दोन खोल्या, मागे परसू, त्यात सीताफळाचे झाड. भिंती पांढऱ्या मातीने पोतारलेल्या आणि जमीन शेणाने सारवलेली. घरमालक दौलतराव शेजारीच राहतात. त्यांच्या थोरल्या बहीण प्रयागबाई एक दिवसाआड सारवून देणार आहेत.

तांबूला मोटारीच्या टपावर पोत्यांमध्ये बांधून आणावे लागले. उतरल्याबरोबर तो इतक्या जोरात शिंकला की अड्ड्यावरची माणसे हसू लागली. मलाही हसू आले. बऱ्याच दिवसांनी आले.

घरात कुत्रा राहणार म्हणून प्रयागबाईंनी नाक मुरडले. मी सांगितले की हा घरात कधी घाण करत नाही. लागले की मागच्या दारावर एकदा पंजा मारतो आणि दार उघडेपर्यंत थांबतो. माझ्या बायकोने त्याला पिल्लू असतानाच शिकवले आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "मंग हे आमच्या घरच्या माणसाईलेबी शिकवा, मास्तर."

रुख्मिणीला जाऊन सव्वा महिना झाला. तांबू तिचाच. तिची आणखी एक वस्तू माझ्यापाशी आहे, ती आतल्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवली.

११ नोव्हेंबर, बुधवार.

कचेरीत काम बेताचे आहे. कारंज्याहून टपालाची थैली लालसिंग आणतो. जवळच्या तांड्यावरचा आहे. पन्नाशीचा, कमी बोलणारा, त्यामुळे आमचे जमले. तांबू त्याच्या मागे मागे करतो. मी दुपारी एक तास घरी येऊन जेवतो. भाकरी अजून एका बाजूने करपते. झोप बरी लागते.

१४ नोव्हेंबर, शनिवार.

आज दुपारी घरी आलो तर आतल्या खोलीत जमीन ओली होती. तांबूने केले होते. मागचे दार सकाळपासून उघडे होते, म्हणजे कोंडला गेला असेही नाही. नवी जागा आहे, दुसरे काय. प्रयागबाईंना न सांगता मीच शेण कालवून तेवढी जागा सारवून घेतली.

१७ नोव्हेंबर, मंगळवार.

रोज तेच चालले आहे. कोनाडा आणि माझी बाज यांच्या मधल्या जागेतच करतो. बाकी सारे घर कोरडे. आज मी त्याच्यावर हात उचलला. रुख्मिणीने कधी उचलला नव्हता. तो ओरडला नाही, पळालाही नाही. माझ्याकडे न बघता कोनाड्याकडे बघत उभा राहिला.

कोनाड्याखालचा माठ झिरपतो की काय कोण जाणे. सकाळी काठोकाठ भरतो, दुपारी निम्मा झालेला असतो. खाली कोरडी राख पसरून पाहिली. राख कोरडीच राहिली.

१९ नोव्हेंबर, गुरुवार.

प्रयागबाईंना वास आला. दौलतरावांनी बोलावून घेतले आणि सौम्यपणेच सांगितले की येत्या बुधवारपर्यंत कुत्र्याची सोय करा, नाहीतर दुसरे घर पाहा. तांबू गेला तर तिने हाताने भरवलेला असा एकही जीव माझ्याजवळ राहणार नाही.

२२ नोव्हेंबर, रविवार.

आज सुट्टी, म्हणून पाळत ठेवली. भर दुपारी तांबू उठला. एका भिंतीपासून त्याने सुरुवात केली. थोडे केले, पाऊल पुढे टाकले, पुन्हा थोडे केले. असे करत बाजेला वळसा घालून समोरच्या भिंतीपर्यंत गेला. मग ओळीच्या आत, माझ्या बाजेखाली येऊन पडला.

सायंकाळी लालसिंग आला, त्याला दाखवले. तो उंबऱ्यातच थांबला. कोनाड्यात काय आहे असे त्याने विचारले. मी काही नाही म्हणालो. त्याने ओळीवरून नजर फिरवली. मग म्हणाला, "बाबू, हा घाण नाही करून राह्यला. शीव आखून राह्यला. काहून, ते तुमाले ठाव."

२३ नोव्हेंबर, सोमवार.

कोणाला सांगितलेले नाही ते येथे लिहून ठेवतो.

कोनाड्यात जीवखडा आहे. चितेभोवती फिरताना ज्याने मडके फोडतात तो. गेलेला जीव दहा दिवस त्या खड्यात असतो, दहाव्याला तो नदीत सोडतात म्हणजे जीव सुटतो. मी नदीत दुसराच खडा सोडला. तो कोणी पाहिला नाही. हा तिच्या खणात गुंडाळून घेऊन आलो. ती जाऊ नये एवढेच मनात होते.

दहाव्याला कावळाही शिवला नव्हता. घरचे एकेक जण पुढे होऊन तिची इच्छा पुरवू असे सांगत होते. काय राहिले होते ते मला ठाऊक होते. विषमज्वरात पाणी देऊ नका असे वैद्यांनी बजावले होते, आणि मी दिले नाही. शेवटचे दोन दिवस ती एकच म्हणत होती, "घोटभर तरी द्या हो." चार माणसांत हे मला बोलवले नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

२४ नोव्हेंबर, मंगळवार.

सकाळी प्रयागबाई सारवून गेल्या. सारवण ओले असतानाच तांबूने आपली ओळ आखली. मी कचेरीत गेलो. दुपारी आलो तर सारवणात पावले उमटलेली होती. माठापासून निघालेली, तांबूच्या ओळीपर्यंत आलेली. तेथे दोन्ही पावले जोडीने उभी. पुढे नाहीत.

डाव्या पायाची करंगळी उमटलेली नव्हती. रुख्मिणीची करंगळी जमिनीला टेकत नसे.

मला भीती वाटायला हवी होती. पण आधी आनंद झाला, आणि मग तांबूचा राग आला. ती माझ्यापर्यंत येते आहे आणि हा तिला अडवतो आहे.

२५ नोव्हेंबर, बुधवार.

तांबूला लालसिंगबरोबर तांड्यावर दिले. दौलतरावांची मुदतही आजचीच होती. तो जाईना, चारही पाय रोवून बसला. लालसिंगने उचलून घेतला. जाताना म्हणाला, "नेतो मी. पण त्याले कायले धाडून राह्यले, याचा इचार करा, बाबू."

प्रयागबाईंनी भिंतीपासून भिंतीपर्यंत सारवून दिले. आता ओळ कोठेच नाही. तांब्या भरून उशाशी ठेवला आहे.

२६ नोव्हेंबर, गुरुवार.

जाग आली तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती. पावले बाजेपर्यंत आलेली. उशाशी थांबलेली. तांब्या भरलेलाच आहे, माठही भरलेला. तिने आज पाणी घेतलेले नाही.

मी तीन तांबे पाणी प्यालो. कोरड जात नाही.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार.

कचेरीत तिकीट चिकटवायला जीभ लावली. ओले होईना. दुसरे लावले. तेही नाही. समोर प्रयागबाई पत्र टाकायला आल्या होत्या, त्या बघतच राहिल्या. तुमचे ओठ काळे पडले आहेत म्हणाल्या.

हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते. रुख्मिणीची शेवटी अशीच —

लालसिंगला सांगितले, उद्या तांबूला परत आण. दौलतराव काय म्हणायचे ते म्हणोत. सकाळी खडा नदीत सोडणार.

२८ नोव्हेंबर, शनिवार. सकाळ.

कोनाड्यात खण आहे. खडा नाही.

दुपार.

उशीखाली सापडला. ओला आहे. घेऊन उठलो, दोन पावलांत पडलो. पायांत काही उरलेले नाही. हाका मारल्या, आवाज निघत नाही. कसाबसा बाजेवर आलो. लालसिंग दिवेलागणीपर्यंत येईल. तोवर थांबायचे.

मोठ्याने सांगायचा प्रयत्न केला. माझे चुकले, पाणी द्यायला हवे होते. ओठ नुसते हलले.

दिवेलागण.

दोन्ही दारांना कोणी कडी घातली? मी नाही.

मान खाली घालून लिहितो आहे. लिहीत राहिलो म्हणजे वर बघावे लागत नाही. पावले माठाजवळून निघाली आहेत. सारवण सुकलेले, तरी ओली उमटतात. एकेक.

तांबू. दाराबाहेर तांबू आहे. पंजा मारला. एकदाच मारतो आणि थांबतो. तिने शिकवले तसे. लालसिंगही हाका मारतो आहे — कडी पलीकडे आहे, त्या पावलांच्या पलीकडे —

बाजेजवळ थांबली. करंगळी टेकत नाही.

पेला पुढे केला. काठोकाठ भरलेला. पाणी वहीवर सांडले. घे. घे ना.

ती पेल्याकडे बघत नाही. ती माझ्या