राजीनाम्याआधीचा फोन

अहो,

सोमवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "देऊ ना गं राजीनामा? मग तुझ्याकडेच येतो." मी म्हटलं, "द्या."

त्याच दुपारी शिवणाच्या कारखान्याने आम्हा नव्या बायकांना काढून टाकलं होतं. कापड कापायची माझी कात्री पिशवीत घालून मी नुकतीच खोलीवर आले होते. एरवी माझी जीभ त्या कात्रीसारखी चालते, नेमकी तेव्हाच दातखीळ बसली. तुम्ही केवढे खुशीत होतात, आणि मला ही खोली खायला उठली होती.

आज फोनवर कळलं, राजीनामा देताना साहेबाला चार शब्द सुनावून आलात. म्हणजे परतीची वाटही बंद.

पत्र टाकत नाही; त्याआधी तुम्हीच पोचाल. "स्टेशनवर यायला रजा मिळेल ना?" विचारलंत. हो म्हटलं.

हवी तेवढी मिळालीय.

तुमचीच,
कात्रीवाली